कुंपणाला कुंपण

शनिवारवाडा पाहायला आलेल्या पाहुण्याला दिल्ली दरवाजातून आत नेलं की तो थोडा चालतो, हिरवळीकडे बघतो, मान वळवून चारी बाजूंना बघतो आणि विचारतो, ‘‘पण वाडा कुठाय?’’ पुणेकराचं उत्तर तयार असतं. ‘‘हा काय, त्यातच तर उभे आहात!’’ पाहुणा पायाखाली बघतो. तिथे जोती असतात. कुठल्या जोत्यावर नाचाचा दिवाणखाना होता, कुठल्या जोत्यावर आरसेमहाल होता, हे पाट्या वाचून समजून घ्यायचं आणि वरचं बांधकाम ज्यानं त्यानं आपापल्या कुवतीनुसार मनात उभारायचं. या मनातल्या बांधकामाला अजून तरी परवानगी लागत नाही.

पहिल्या बाजीरावानं १० जानेवारी १७३० रोजी या वाड्याचा पाया घातला, २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत केली, आणि खर्च आला म्हणतात १६,११० रुपये. पुढे सत्तर-ऐंशी वर्षं त्यात भर पडत गेली. १८२८ च्या फेब्रुवारीत आग लागली, ती आठवडाभर धुमसत होती. सागवानी खांब, तक्तपोशी, सज्जे, नक्षी, सगळं गेलं. राहिला तो तट, त्याचे बुरूज आणि पाच दरवाजे. म्हणजे आज आपण भक्तिभावानं ज्याला शनिवारवाडा म्हणतो आणि ज्याच्यासमोर सभा घेतो, ते बहुतांशी शनिवारवाड्याचं कंपाउंड आहे. घर गेलं, कुंपण राहिलं.

या कंपाउंडालाही परवानगीची भानगड चुकलेली नव्हती. सांगतात असं, की तटाच्या उत्तरेला, म्हणजे नेमका दिल्लीच्या रोखानं, मोठा दरवाजा होणार ही खबर साताऱ्याला गेली आणि शाहू महाराजांनी हरकत घेतली. दिल्लीकडे तोंड करून दरवाजा उघडायचा म्हणजे बादशहाला उगाच डिवचायचं. काम थंडावलं. १७४९ साली शाहू महाराज वारले आणि त्यानंतर नानासाहेबांच्या कारकिर्दीत ते काम तडीला गेलं. दुसरी कथा अशी, की दगडी इमारतीचा मान फक्त छत्रपतींचा, पेशव्यांनी तो घेऊ नये अशी कुरबुर झाली, म्हणून खाली दगड आणि वर वीट असा मधला मार्ग निघाला. कथा कितपत खरी हे इतिहास संशोधकांनी आपसांत भांडून ठरवावं. तट मात्र आजही खाली दगडाचा आणि वर विटांचा दिसतो.

थोडक्यात, मराठी राज्याच्या पंतप्रधानालाही स्वतःच्या घराचं कंपाउंड घालायला वरून ना हरकत लागत होती. ती वेळेवर मिळाली नाही. हरकतीत दिशा आणि बांधकामसाहित्य असे दोन मुद्दे निघाले. एका मुद्द्यावर तडजोड झाली, दुसऱ्याची फाइल पडून राहिली आणि काळ बदलल्यावर हलली. पुण्यात परवानगीच्या नावानं बोटं मोडणाऱ्या प्रत्येकानं हे लक्षात ठेवावं. आपण फार मोठ्या माणसांच्या रांगेत उभे आहोत.

माझा मामा सध्या त्या रांगेत आहे.

मामाचा वाडा शनिवारवाड्याच्या तटापासून हाकेच्या अंतरावर आहे. ‘हाकेच्या’ हे माप मामाचं. सरकारचं माप मीटरचं. प्राचीन स्मारकांविषयीचा केंद्राचा कायदा १९५८ चा. त्याखाली १६ जून १९९२ च्या अधिसूचनेनं संरक्षित स्मारकांभोवतीचे शंभर मीटर ‘प्रतिबंधित क्षेत्र’ आणि त्यापुढचे दोनशे मीटर ‘विनियमित क्षेत्र’ ठरले. २०१० साली दुरुस्ती होऊन ही वर्तुळं थेट कायद्याच्या पोटात गेली आणि त्यावर देखरेखीसाठी राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण आलं. पहिल्या वर्तुळात नवं बांधकाम करायचं नाही. दुसऱ्यात करायचं, पण विचारून. न विचारता केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद, नाहीतर एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

मामा पहिल्या वर्तुळात येतो हे त्याला मान्यच नव्हतं. घरातून निघून बोळातून उजवीकडे, मग मारुतीवरून डावीकडे, मग दुधाच्या दुकानाशी वळून, असं चालत गेलं तर तट चांगला दूर पडतो. पण सरकार बोळातून जात नाही. ते तटापासून सरळ रेघ मारतं. ती रेघ दोन स्वयंपाकघरं आणि एका पतसंस्थेच्या मधून आरपार येऊन मामाच्या न्हाणीपलीकडे जाते. ‘‘मी काय कावळा आहे का असं जायला?’’ हा मामाचा मुद्दा बिनतोड होता. पण अर्जदार कावळा असल्यास वेगळं माप लावावं अशी तरतूद कायद्यात नाही, आणि नसल्यास लावावं अशीही नाही.

आता मामाला हवं होतं काय? फार काही नाही. एक कुंपण, त्याला फाटक, आत दोन स्कूटरींपुरती पत्र्याची शेड आणि मामीसाठी तुळशीवृंदावन.

पेठेतल्या वाड्याला खरं म्हणजे कुंपण नसतंच. ती गरज बंगल्याची. बंगला मध्ये बसतो आणि भोवती मोकळी जागा पसरतो, म्हणून त्याला कडेनं भिंत घालावी लागते. कँपातल्या साहेबांनी ती रीत आणली, तीच पुढे नदी ओलांडून डेक्कन आणि प्रभात रोडला स्थिरावली. वाड्याचं उलटं. वाडा रस्त्याला पाठ टेकून बसतो आणि मोकळी जागा पोटात, चौकात ठेवतो. त्याची भिंत हेच त्याचं कुंपण आणि दिंडी दरवाजा हेच फाटक. पेठेत तुम्हाला कुठे कुंपण दिसलं, तर आत वाडा आहे असं समजू नये. होता, असं समजावं. पडक्या जागेभोवती पत्रे ठोकलेले असतात, पत्र्यांवर क्लासच्या जाहिराती असतात, पत्र्यांच्या फटीतून एरंड आणि पिंपळ बाहेर डोकावत असतात, आणि आत एखादी कडीपाटाची तुळई अजून एका टोकानं भिंतीला धरून लोंबकळत असते.

मामाचा पुढचा चौक असाच एका पावसाळ्यात बसला. मागचा भाग शाबूत आहे, तिथे मामा-मामी राहतात. पण पुढची भिंत गेल्यापासून घर थेट रस्त्यावर आलं. सकाळी शेजारच्या कार्यालयातले लोक तिथे दुचाक्या लावतात. दुपारी जेवणाचे डबे पोचवणारी मुलं सावलीला बसतात. संध्याकाळी एक भेळवाला ‘पाचच मिनिटं’ म्हणून हातगाडी उभी करतो, ती रात्री निघते. मामा म्हणाला, कुंपण घालू या. आणि इथून त्याचा कायद्याचा अभ्यास सुरू झाला.

मामा बँकेतून निवृत्त झालेला. छापील कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय तो सही करत नाही. त्यानं कायद्याच्या व्याख्या काढून वाचल्या आणि त्यात त्याला दोन रत्नं सापडली.

पहिलं रत्न असं. प्रतिबंधित क्षेत्रात १९९२ च्या त्या तारखेआधीची इमारत असेल, तर तिची दुरुस्ती आणि नूतनीकरण करण्यासाठी मालकाला अर्ज करता येतो. पण पुनर्बांधणी वेगळी. होतं तसं, होतं तेवढंच, त्याच लांबीरुंदीचं आणि उंचीचं पुन्हा उभं करणं ही झाली पुनर्बांधणी, आणि तिची सोय दुसऱ्या वर्तुळात आहे, पहिल्यात नाही. याचा व्यवहारातला अर्थ मामानं मामीला समजावून सांगितला. ‘‘म्हणजे बघ, भिंत कलली होती तेव्हा गेलो असतो तर ती दुरुस्ती होती. पडल्यावर गेलो, म्हणून बांधकाम झालं.’’

‘‘मग पडायच्या आधी का नाही गेलात?’’ मामीनं विचारलं.

याचं उत्तर मामाकडे होतं, पण ते लांबलचक होतं. पुढच्या चौकात आठ बिऱ्हाडं होती. भाडं इतकं जुनं की ते वसूल करायला जिना चढण्याचे श्रम महाग पडावेत. मालक म्हणायचा, या भाड्यात दुरुस्ती परवडत नाही. भाडेकरू म्हणायचे, घर मालकाचं, आम्ही का खर्च करायचा? दोघांचंही बरोबर होतं. असे दोघंही बरोबर असले की मधली भिंत पडते. अर्ध्या पेठा याच कारणानं पडल्या आहेत. त्याला पुरातत्त्व खात्याचा इलाज नाही.

दुसरं रत्न अधिक चमकदार होतं. ‘बांधकाम’ कशाला म्हणायचं नाही, याची कायद्यात यादी आहे. सार्वजनिक पाणीपुरवठ्याची कामं, विजेची सोय, गटारं, सार्वजनिक शौचालयं आणि मुताऱ्या या गोष्टी बांधकामाच्या व्याख्येतून वगळल्या आहेत. लोकांची अडचण होऊ नये हा हेतू चांगलाच, आणि ज्यानं गर्दीच्या स्मारकाशी अर्धा दिवस काढलाय तो या हेतूला दोन्ही हात जोडील. पण मामानं चष्मा कपाळावर सरकवला आणि वहीत नोंद केली. मुतारी बांधली तर ते बांधकाम नव्हे. तुळशीवृंदावन बांधलं तर बांधकाम.

‘‘हे आत्ता बोललात ते त्या कचेरीत बोलू नका,’’ मामी म्हणाली.

तो बोललाच. मी सोबत होतो. कुठली कचेरी ते सांगत नाही, कारण तिथल्या माणसाचा काहीही दोष नव्हता आणि त्यानं आम्हाला पाणीही विचारलं. त्यानं मामाचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘‘काका, तुमचं बरोबर आहे. पण तुमचं वृंदावन सार्वजनिक नाही ना!’’ मामा क्षणभर विचारात पडला. मामीची तुळस सार्वजनिक करता येईल का, हा विचार त्याच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसला.

मग त्या गृहस्थांनी कागदांची यादी दिली. प्रॉपर्टी कार्ड, मोजणीचा नकाशा, चारी बाजूंचे फोटो, स्मारकापासूनचं अंतर दाखवणारा आराखडा, आर्किटेक्टची सही, प्रतिज्ञापत्र. उंचीच्या रकान्याशी मामा अडला. जिन्याची टोपी, कठडा आणि पाण्याची टाकी धरून एकूण उंची लिहायची होती. ‘‘कुंपणाला पाण्याची टाकी नसते हो,’’ मामा म्हणाला. ‘‘मग ‘निरंक’ लिहा. रकाना कोरा सोडू नका, त्रुटी निघते.’’ हा सल्ला सोन्याचा होता. आपल्याकडे परवानगी नाकारली गेल्याचं क्वचितच कुणाला कळवलं जातं. बहुतेकांच्या वाट्याला त्रुटीच येते. त्रुटीची पूर्तता केली की नवी त्रुटी येते, आणि अशा रीतीनं अर्जदाराचा आणि खात्याचा स्नेह वाढत जातो. कायद्यात मुदती चोख आहेत. सक्षम प्राधिकाऱ्यानं अर्ज पंधरा दिवसांत पुढे पाठवायचा, स्मारक प्राधिकरणानं दोन महिन्यांत शिफारस करायची, ती आल्यावर महिन्याभरात होय की नाही ते कळवायचं. मामानं बेरीज केली, साडेतीन महिने. पण मुदतीचं घड्याळ अर्ज ‘परिपूर्ण’ झाल्यावर चालू होतं, आणि परिपूर्णता ही अध्यात्मातही लवकर हाती लागत नाही.

घरी आल्यावर मामानं माझ्या मावसबहिणीला फोन लावला. ती इंग्लंडमध्ये आर्किटेक्ट आहे आणि तिचं सगळं काम जुन्या घरांचंच. मामाची अपेक्षा अशी, की ती म्हणेल, ‘मामा, इथे असलं काही नाही, सगळं कसं सुटसुटीत.’ ती हसायलाच लागली. तिथे साध्या घरालासुद्धा गाड्या जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला एक मीटरपर्यंत आणि इतरत्र दोन मीटरपर्यंतचं कुंपणच न विचारता घालता येतं. घर संरक्षित यादीतलं असेल तर तीही सवलत जाते. शिवाय नुसतं घर यादीत असून भागत नाही. त्याच्या आवारात १ जुलै १९४८ च्या आधीपासून असलेलं जे काही असेल, बागेची भिंत, तबेला, जुना संडास, तेही घराच्या पंखाखाली येतं. ते पाडायचं तरी परवानगी, बदलायचं तरी परवानगी.

‘‘संडाससुद्धा?’’ मामा म्हणाला. त्याच्या आवाजात आदर होता. मागच्या अंगणातल्या पडक्या संडासाकडे त्यानं नव्या नजरेनं पाहिलं.

मग तिनं कलशांची हकीकत सांगितली. वॉरिकशायरमधल्या एका जुन्या हवेलीच्या बागेत दगडी चौथऱ्यांवर शिशाचे दोन शोभेचे कलश होते. १९८६ साली ते संरक्षित यादीत नोंदले गेले, तेही स्वतंत्रपणे, इमारत म्हणून. पुढे मालकानं २००९ साली ते लिलावात विकून टाकले. काही वर्षांनी स्थानिक कौन्सिलच्या ते लक्षात आलं आणि नोटीस निघाली, की कलश होते तिथे परत आणून ठेवा. कलश तोवर परदेशात. प्रकरण चढत चढत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०२० साली न्यायमूर्तींनी सांगितलं, की यादीत नाव आहे एवढ्यावरून कलश ही इमारत ठरत नाही. ती इमारत आहे का, हा प्रश्न मालकाला विचारता येतो, आणि त्याचं उत्तर वस्तूचा आकार, तिचा कायमपणा आणि जमिनीशी असलेली तिची जोड या तीन गोष्टी तपासून द्यायला हवं. मग प्रकरण पुन्हा खाली पाठवलं. जगात आपल्यापेक्षा शिस्तशीर वेळ घालवणारे लोक आहेत, हे ऐकून मामाला अपार समाधान झालं.

पण त्याचा पुढचा बेत तिला पसंत पडला नाही. मामाच्या मनात होतं, कुंपण घालायचंच तर ते शोभून दिसावं. पेशवाई थाट असावा. फाटकाला महिरप, बाजूला दोन मशाली, वर नगारखान्याचा आभास. त्यानं असं काम एका मिसळीच्या हॉटेलच्या दारात पाहिलं होतं. फायबरचं होतं, पण लांबून दगडच वाटत होतं. मावसबहीण म्हणाली, ‘‘मामा, अजिबात नको. तू दोनशे वर्षांपूर्वीचा असल्याचा आव आणू नकोस.’’ १९६४ साली व्हेनिसमध्ये जगभरातल्या वास्तुतज्ज्ञांनी एक सनद मंजूर केली आणि जुन्या वास्तूत जे नवं घालणं अपरिहार्य असेल ते नवं म्हणून ओळखू यावं, असं तीत लिहून ठेवलं. जुन्याशेजारी नव्यानं अदबीनं उभं राहावं, पण वेषांतर करून राहू नये. साधं लोखंडी गजांचं कुंपण, ठेंगणं, आरपार दिसणारं, हवं तेव्हा उपटून काढता येईल असं, तेच बरं.

काढता येईल असं, हा मुद्दा पुण्याला कळायला अवघड नाही. १८९३ पासून इथे दरवर्षी सार्वजनिक गणेशोत्सव होतो आणि त्यासाठी भर पेठेत रस्त्यात मांडव पडतात. वासे, पत्रे, कापड, प्लायवूड. ज्या गल्लीत मामाला तीन फुटांचं वृंदावन बांधता येत नाही तिथे दहा दिवस चांगला दुमजली राजवाडा उभा राहतो. परवाने त्यालाही लागतात, खड्डे बुजवण्याची हमीही द्यावी लागते. पण त्याच्याकडे कुणी बांधकाम म्हणून बघत नाही, कारण अकराव्या दिवशी तो जाणार हे सर्वांना ठाऊक असतं. इतकी वर्षं सतत येत-जात राहिलेला हा मांडव पेठेतल्या निम्म्याअधिक इमारतींपेक्षा जुना आहे. टिकायचं तर कायम राहण्याचा हट्ट सोडावा लागतो, असं तात्पर्य काढायचा मोह होतो. पण शेजारी तट उभा असतो आणि तो हट्टानंच टिकलेला असतो.

खरी पंचाईत अर्जातल्या ‘प्रयोजन’ या रकान्यानं केली. मामानं तिथे लिहिलं, ‘सुरक्षितता’. मामीनं मागून वाचलं आणि विचारलं, ‘‘आपल्याकडे चोरण्यासारखं आहे काय?’’ मामानं खोडलं आणि लिहिलं, ‘बाहेरील व्यक्तींचा वावर रोखणे’. मामी म्हणाली, ‘‘वाडा होता तेव्हा काय कमी वावर होता?’’

मामा पेन हातात धरून बसून राहिला. दिंडी दरवाजा सकाळी उघडायचा तो रात्रीच लागायचा. दूधवाला, पेपरवाला, कल्हईवाला, शिकवणीची पोरं, हळदीकुंकवाच्या बायका, कुणाकडे तरी आलेले आणि तो घरी नाही म्हणून दुसऱ्याच्या ओसरीवर चहा पीत बसलेले पाहुणे. एवढी आठ बिऱ्हाडं आणि त्यांचा हा सगळा गोतावळा आत असताना मामाला कधी कुंपण हवंसं वाटलं नाही. माणसं गेली, भिंत गेली, आणि मग राखायला काही उरलं नाही तेव्हा कुंपणाची निकड लागली. हे मामा बोलला नाही. त्यानं फक्त रकाना कोरा ठेवला, आणि कोऱ्या रकान्यावर त्रुटी निघते हे त्याला चांगलं माहीत होतं.

मला या शंभर मीटरांची बाजूही घ्यावीशी वाटते. हा नियम नसता तर तटाला खेटून अकरा-अकरा मजले चढले असते आणि दिल्ली दरवाजाच्या वर आज जे आभाळ दिसतं तिथे कुणाच्या तरी गच्चीवरचे कपडे वाळत असते. नियमानं ते आभाळ राखलं. पण देशात अशी साडेतीन हजारांहून अधिक स्मारकं आहेत. त्यात ताजमहाल आहे, रस्त्याकडेचे कोसमिनार आहेत आणि इंग्रज शिपायांच्या कबरीही आहेत. सगळ्यांना फूटपट्टी एकच. प्रत्येक स्मारकासाठी त्याच्या त्याच्या परिसराला साजेसे वेगळे उपविधी करावेत, असं हाच कायदा म्हणतो. ते होईस्तोवर वर्तुळ सरसकट. आणि पेठेत त्या वर्तुळात नुसती मोकळी जमीन नाही. जे वाडे शनिवारवाड्याचे सोबती, त्याच्या नगाऱ्यावर ज्यांचे दिवस उगवले आणि मावळले, तेच त्यात अडकले आहेत. नवं बांधायचं नाही, पडलेलं उभारायचं नाही, आणि उभं आहे ते दुरुस्त करायला मालकाकडे पैसा नाही. स्मारक सुरक्षित, शेजार खचतोय. कुणी वाईट नसताना हे घडतंय, त्यामुळे रागावायचं तरी कोणावर हेही कळत नाही.

कुंपणानं माणसांना बाहेरच ठेवलं पाहिजे असंही नाही. मुंबईचं शिवाजी पार्क पाहा. मैदानाला चहूबाजूंनी बुटकी भिंत घातली, हद्द दाखवायला. दादरकरांनी तिच्यावर बसायला सुरुवात केली. आता तो ‘कट्टा’ आहे. तिथे लग्नं जुळली, नाटकांच्या तालमींवरून वाद झाले, निवृत्तांनी सरकारं पाडली आणि बनवली. त्या भिंतीनं आजवर कुणाला अडवल्याचं ऐकिवात नाही. तिला ओलांडून आत जाण्यापेक्षा तिच्यावरच बसावं असं लोकांना वाटतं. कुंपणाला याहून मोठा मान कोणता?

मी मामाला हे सांगितलं. तो म्हणाला, ‘‘पुण्यात कट्टा घातला तर त्यावर ‘येथे बसू नये’ अशी पाटी लावावी लागेल.’’ आणि बोलता बोलता त्याला सुचलं, की पाटीला कोण विचारतंय? हे पुण्याचं अस्सल देशी कुंपण. ना पाया, ना गज, उंचीची मर्यादा नाही, आरपार दिसण्याची अट नाही. त्यानं दोन पाट्या रंगवून घेतल्या. पहिली, ‘ही जागा मोकळी दिसत असली तरी रिकामी नाही’. दुसरी भेळवाल्यासाठी, ‘पाच मिनिटे म्हणजे तीनशे सेकंद’. दुचाक्या कमी झाल्या. भेळवाल्यानं पाटी वाचली, हसला आणि तिच्यावर आपला टॉवेल वाळत घालू लागला.

मग मामीनं मार्ग काढला. तिनं कुंभारवाड्यातून मोठ्या कुंड्या आणवल्या आणि जिथे पुढची भिंत होती तिथे त्या ओळीनं मांडल्या. जास्वंद, कण्हेर, गवती चहा, आणि बरोबर मध्ये दिंडी दरवाजाच्या जागी तुळस. वृंदावन नाही, नुसती कुंडी. गाडी आत येत नाही, माणूस सहज येतो. डबेवाली मुलं अजून सावलीला बसतात, मामी त्यांच्याकडून झाडांना पाणी घालून घेते. अर्ज ‘प्रयोजन’ कोरं ठेवूनच मामाच्या खणात आहे.

मामानं कौतुकानं कुंड्यांचा फोटो मावसबहिणीला पाठवला. तिचं लगेच उत्तर आलं, ‘‘छान! पण मामा, आकार, कायमपणा, जमिनीशी जोड. एकाच जागी फार दिवस ठेवू नकोस. उद्या कुणी तरी इमारत म्हणेल.’’

मामा कायदा पाळणारा माणूस. तो आता सणावारी, फार गाजावाजा न करता, सगळ्या कुंड्या एकेक वीत सरकवतो. रस्त्याच्या बाजूला.